वेलाचं वर्ष कात्री ठरवते

संत्र्याच्या मुलखात द्राक्षाचा वेल कशाला, असं पारशिवनीत मला अजूनही लोक विचारतात. उन्हाळ्यात मांडवाखाली सावली मिळते, फाल्गुनात घरची द्राक्षं खायला मिळतात, आणि एका वेलाच्या काड्यांवर आख्ख्या मोहल्ल्यात वेल उभे राहतात. एवढी कारणं मला पुरेशी वाटतात. मात्र नाशिक-सांगलीची रीत इथे जशीच्या तशी उचलून चालत नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास आहे, तर आपण जेमतेम ३०० मीटरवर. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५-४६ अंशांवर जातो, माती काळी आहे, बोअरचं पाणी जड आहे, आणि पेंचचं जंगल हाकेवर असल्यामुळे वानरांचा राबता आहे. हे सगळं धरून घरामागच्या सांदवाडीत वेल वाढवताना जे कळत गेलं, ते इथे लिहितो आहे. खतापेक्षा आणि औषधापेक्षा छाटणीची तारीख मोठी, हे मला सगळ्यांत आधी सांगायचं आहे.

१. वेलाला विसावा आपणच द्यायचा असतो.

द्राक्ष मूळचं थंड हिवाळ्याच्या मुलखातलं. तिथे थंडी पडली की पानं गळतात, वेल निजतो आणि वसंतात आपोआप फुटतो. आपल्याकडे डिसेंबरात रात्री पारा आठ-दहा अंशांवर आला तरी वेल पुरता निजत नाही. हात न लावता सोडला, तर तो बारा महिने थोडा थोडा वाढत राहतो, कधीही कुठूनही फुटतो आणि एखाद-दुसरा घड दाखवून थांबतो. म्हणूनच महाराष्ट्रात वर्षातून दोन छाटण्या करून एक पीक घ्यायची पद्धत बसली. उन्हाळ्याच्या तोंडाशी खरड छाटणी, आणि पावसाळा सरल्यावर फळछाटणी, जिला बागायतदार गोडी छाटणी म्हणतात. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादेत आला होता. तिथली द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा फळतात, अशी नोंद त्यानं केली आहे. न निजणाऱ्या वेलाला दोनदा फळ येणं शक्य आहे, पण त्यात वेल लवकर झिजतो. दोन छाटण्या आणि एक पीक ही तडजोड म्हणूनच मला फार शहाणपणाची वाटते.

२. खरड छाटणी पाडव्याच्या मागेपुढे उरकावी.

गावातला एखादा तरुण दरवर्षी विचारतोच, "काकाजी, वेल तर मांडवभर झाला, पण द्राक्षं काऊन नाही लागत?" मी त्याला एवढंच विचारतो, की उन्हाळ्यात वेल छाटला होता का. उत्तर ठरलेलं असतं. "ऐन उन्हात सावली कशी काढू, जी?"

घरच्या वेलाची खरी अडचण इथेच आहे. आपण वेल सावलीसाठी लावतो, आणि ऊन तापायला लागतं तेव्हाच त्याला बोडकं करायला मन घेत नाही. पण पुढच्या मार्चचं पीक याच दिवसांत ठरतं. खरड छाटणीनंतर जी नवी काडी फुटते, तिच्या पानांच्या बेचक्यात डोळे तयार होतात. त्या डोळ्यांच्या आत, छाटणीपासून साधारण ४० ते ६० दिवसांत, पुढच्या हंगामाचे घड अतिसूक्ष्म रूपात घडतात. बागायतदार याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. त्यासाठी डोळ्यांवर आणि त्यांच्या जवळच्या पानांवर भरपूर ऊन पडावं लागतं. दाट गर्दीत, अंधारात वाढलेल्या काडीच्या डोळ्यांत घड घडतच नाही. तिथे फक्त पानं आणि बाळ्या (तणावे) निघतात, आणि ऑक्टोबरात कितीही चांगली छाटणी केली तरी आत नसलेला घड बाहेर येत नाही.

सावली आणि फळ दोन्ही साधायचं तर तारीख अलीकडे घ्यायची. मार्चच्या मध्यापर्यंत द्राक्षं उतरवावीत, वेलाला दहा-पंधरा दिवस नुसतं पाणी देऊन विसावा द्यावा आणि पाडव्याच्या सुमारास ओलांड्यावरच्या, म्हणजे मांडवावर पसरलेल्या मुख्य फांदीवरच्या, सगळ्या जुन्या काड्या एक-दोन डोळे ठेवून छाटून टाकाव्यात. एप्रिलभर मांडव उघडा राहतो, ते सोसावं. मे लागेपर्यंत नवी पानं पुन्हा मांडव झाकतात, आणि सावलीची खरी गरज तर मे महिन्यातच असते. छाटणी एप्रिलच्या अखेरीवर गेली की कोवळी फूट थेट लूत सापडते आणि शेंडे करपतात. शिवाय काडी पिकायच्या आत पाऊस येतो.

फुटी निघाल्या की सगळ्या ठेवू नयेत. ओलांड्यावर साधारण वीतभर अंतरात दोनच ठेवाव्यात, बाकीच्या बोटानं मोडाव्यात. कोवळ्या असताना त्या टकन मोडतात, कात्री लागत नाही. उरलेल्या काडीला सात-आठ पानं आली की शेंडा खुडावा. मग वरच्या डोळ्यातून नवी फूट निघते, तिला सबकेन म्हणतात. या खुडण्यामुळे काडीचा जोर धावण्याऐवजी डोळे भरण्याकडे वळतो. मांडवाखाली उभं राहून वर बघावं. जमिनीवर उन्हाचे कवडसे हलताना दिसले तर पानांची दाटी बरोबर आहे. एकसंध गडद सावली पडली असेल, तर बगलफुटी काढायला हव्यात.

३. नवतपाचे दिवस पाण्यानं आणि तणसानं काढायचे.

२५ मेपासूनचे ते नऊ दिवस आपल्याकडे माणसालाही नकोसे होतात. वेल मात्र नेमका तेव्हा डोळ्यांत घड घडवत असतो. म्हणून या काळात त्याला तहान लागू द्यायची नाही. पाणी रोज थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड सावकाश, खोलवर मुरेल असं द्यावं, तेही संध्याकाळी. बुंध्याभोवती धानाचं तणस चांगलं चार बोटं जाड पसरावं. पारशिवनीत धान होतं, त्यामुळे तणसाला तोटा नाही. फक्त ते बुंध्याला टेकू देऊ नये, कारण त्याखालून उधई चढते. पश्चिमेकडून झळा येत असतील तर त्या बाजूला हिरवी जाळी बांधावी. खोडावर दुपारचं ऊन थेट पडत असेल तर त्याला चुना लावावा किंवा गोणपाट गुंडाळावं.

एक सूचना इथेच करतो. कूलरच्या टाकीत तळाशी उरलेलं पाणी वेलाला घालू नये. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि उन्हाळाभरात ते पाणी चांगलंच खारं होतं. पानांच्या कडा तपकिरी होऊन आत आत वाळत येत असतील, तर आधी पाणी कुठलं घालतो ते पाहावं.

४. गोडी छाटणी कोजागिरीच्या आसपास, आकाश बघून.

फळछाटणी लवकर केली तर परतीच्या पावसात कोवळी फूट सापडते आणि केवडा हा रोग पडतो. उशिरा केली तर थंडीत डोळे नीट फुटत नाहीत, आणि फळ फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीत किंवा पुढच्या उन्हात अडकतं. विदर्भाला गारपीट नवी नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात जी गारपीट झाली, ती द्राक्षवाल्यांच्या अजून लक्षात आहे. आपल्याकडे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पावसाळा बहुतेक काढता पाय घेतो. आठवडाभर आकाश कोरडं दिसलं की कात्री काढावी.

आता काडी कुठे कापायची ते. थॉमसन सीडलेसच्या गोतातल्या जातींत फळाचे डोळे काडीवर वरच्या अंगाला, पाचव्या-सहाव्या-सातव्या ठिकाणी असतात. त्यामुळे सहा ते आठ डोळे ठेवावे लागतात. बेंगलोर ब्लूसारख्या जातीत खालचे डोळेही फळतात, तिथे तीन-चार डोळे पुरतात. नाशिक-सांगलीकडे बागायतदार छाटणीआधी काड्या प्रयोगशाळेत देऊन सूक्ष्मदर्शकाखाली डोळे तपासून घेतात. घरच्या वेलासाठी तेवढं करायची गरज नाही. एखादा डोळा जास्त ठेवावा, आणि फुटी वीतभर झाल्यावर ज्यांना घड दिसत नाही त्या वांझ फुटी काढून टाकाव्यात.

घड ओळखायला सोपा असतो. पानाच्या बरोबर समोर, जिथे एरवी बाळी निघते, तिथेच घड निघतो. दोघांचा उगम एकच आहे. कधी कधी अर्धा घड आणि अर्धी बाळी असं काहीतरी दिसतं. टोकाला वळण घेतलेली तार आणि बुडाशी चार-सहा कळ्या. ते दिसलं की समजावं, उन्हाळ्यात त्या डोळ्याला ऊन किंवा अन्न कमी पडलं. वेल आपला मागच्या मे महिन्याचा हिशेब असा नोव्हेंबरात उघडून दाखवतो.

काडीच्या टोकाचे एक-दोनच डोळे फुटून बाकीचे बसून राहतात, ही तक्रार सर्रास ऐकू येते. मोठ्या बागांत त्यासाठी डोळ्यांवर हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतात. ते जहाल रसायन आहे, घराच्या अंगणात आणूच नये. काडी तारेवर आडवी, थोडी कमानदार बांधली की टोकाचा जोर ओसरतो आणि मधले डोळेही जागे होतात. छाटल्यावर कापातून थेंब थेंब पाणी गळतं. त्यानं घाबरून जाऊ नये, दोन-चार दिवसांत ते थांबतं.

५. जात निवडताना फळाच्या रंगाआधी पावसाळ्याचा विचार करावा.

पारशिवनीत पाऊस भरपूर पडतो आणि त्या चार महिन्यांत वेल पानांवर असतो. थॉमसन सीडलेस आणि तिच्या पोटच्या जाती केवड्याला नाजूक आहेत. त्या लावू नयेत असं मी म्हणत नाही, पण फवारणीची तयारी हवी. ज्याला कमी कटकट हवी, त्यानं बेंगलोर ब्लू लावावं. बी असतं, साल जाड असते, वास उग्र असतो, पण रस उत्तम निघतो आणि वेल काटक आहे. रसासाठीच पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं एआरआय-५१६ ही जात काढली आहे, आणि मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रानं मांजरी मेडिका. काळं बिनबियांचं हवं असेल तर शरद सीडलेस आहे.

या जातींच्या जन्मकथा मला फार मोलाच्या वाटतात. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांना थॉमसनच्या बागेत वेगळा वेल दिसला, त्यातून तास-ए-गणेश आली. सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी असंच निरखून सोनाका निवडली. शरद सीडलेसही त्यांच्याच घरची. या शेतकऱ्यांनी वेलासमोर उभं राहून पाहिलं, एक काडी बाकीच्यांहून वेगळी आहे हे ओळखलं आणि ती जपली. महाराष्ट्राच्या द्राक्षशेतीचा मोठा भाग अशा नजरेवर उभा आहे. घरच्या वेलाकडेही तसंच पाहत जावं.

६. बी पेरू नये, काडी लावावी.

बियांपासून आलेला वेल आईसारखा निघत नाही, फळायला वर्षं घेतो, आणि बिनबियांच्या जातींत तर बी नसतंच. जगातला प्रत्येक थॉमसनचा वेल म्हणजे एकाच जुन्या वेलाचा हातोहात आलेला तुकडा आहे. काडीतून वेल करणं इतकं सोपं आहे, की संत्र्याचा डोळा बांधताना ज्यांचे हात भीतीनं थरथरतात त्यांनाही ते जमेल.

काडी ऑक्टोबरच्या छाटणीतली घ्यावी. ती पेन्सिलीएवढी जाड, तपकिरी झालेली, गोल आणि टणक हवी. कापल्यावर आतली साल हिरवी आणि गाभा बारीक दिसला पाहिजे. चपटी, भेंडासारखी पोकळ, हिरवट काडी घेऊ नये. ज्या वेलाला त्या वर्षी चांगले घड लागले होते आणि ज्याच्या पानांवर रोग नव्हता, त्याच वेलाची काडी घ्यावी. म्हणून फळ असतानाच अशा वेलाला चिंधी बांधून खूण करावी. छाटणीच्या वेळी सगळे वेल सारखेच दिसतात.

तीन-चार डोळ्यांचा, साधारण २५ ते ३० सेंटीमीटरचा तुकडा पुरे. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, आडवा. वरचा काप शेवटच्या डोळ्यापासून दोन बोटं वर, तिरपा. यात दोन फायदे आहेत. डोळ्याच्या पेऱ्यापाशी मुळं लवकर धरतात, आणि आडवा-तिरपा असा फरक ठेवला की काडीचं डोकं कुठलं आणि पाय कुठला हे विसरत नाही. उलटी लावलेली काडी जगत नाही. बाळ्या आणि पानं काढून टाकावीत. खालचं टोक मुळं फुटायच्या पावडरीत, म्हणजे आयबीए असलेल्या पावडरीत, बुडवून झटकावं. पावडर नसली तरी बेंगलोर ब्लू आणि थॉमसन मुळं धरतात, फक्त थोडी सावकाश.

काळ्या मातीत काडी थेट खोचू नये, कुजते. पिशवीत निम्मी रेती, थोडी माती, थोडं जुनं शेणखत घालावं. कन्हान-पेंच नद्यांची जाड रेती यासाठी फार चांगली. दोन डोळे मातीखाली आणि एक-दोन वर ठेवून बोटांनी माती घट्ट दाबावी, म्हणजे काडीभोवती पोकळी राहत नाही. पिशव्या उजेडात पण दुपारच्या उन्हाआड ठेवाव्यात.

७. पान फुटलं म्हणजे काडी लागली, असं नाही.

या एका गोष्टीपायी मी लोकांना निराश होताना पाहिलं आहे. काडी लावल्यावर पंधरा-वीस दिवसांत डोळा फुगतो, गुलाबी पोंगा सुटतो, दोन-तीन चकचकीत पानं येतात. घरात आनंद होतो. ही पानं काडीत साठलेल्या अन्नावर आलेली असतात, खाली मूळ एकही नसतं. मूळ धरायला चार ते सहा आठवडे लागतात. या मधल्या काळात ऊन लागलं, पाणी चुकलं किंवा कुणी काडी हलवून पाहिली, तर पानं मान टाकतात.

काडी कधीतरी अलगद बाहेर काढून पाहायला मिळाली तर खालचा काप निरखावा. साल आणि लाकूड यांच्या मधल्या रेषेवर आधी पांढुरके, खरखरीत दाणे धरलेले दिसतात. त्या भागातून आणि पेऱ्याच्या फुगीर जागेतून पुढे दुधाळ रंगाचे टोकदार कोंब निघतात, इतके ठिसूळ की बोट लागलं तरी तुटावेत. हे पाहिल्यावर पिशवी हलवायचा मोह राहत नाही. काडी न उपसता ओळखायचं असेल तर नव्या फुटीकडे पाहावं. पहिल्या तीन-चार पानांनंतर वाढ थबकते, आणि मग नवं पान पुन्हा जोमानं सुटू लागतं. दुसऱ्यांदा वाढ सुरू झाली की मूळ धरलं समजावं.

डिसेंबरच्या थंडीत ही सगळी क्रिया मंदावते. म्हणून काड्या ऑक्टोबरातच लावून टाकाव्यात. लगेच जमत नसेल तर जुडी करून सावलीत ओल्या रेतीत पुरून ठेवाव्यात. जमिनीत कायमची लावण जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत करावी, म्हणजे उन्हाळ्याआधी मुळं खाली जातात.

८. एकच वेल वाढवायचा असेल तर दाब कलमासारखं खात्रीचं काही नाही.

पावसाळ्याच्या सुरुवातीला जमिनीजवळची एक लांब काडी वाकवून तिचं मधलं पेर चार बोटं मातीत दाबावं, वर दगड ठेवावा, टोक बाहेर काठीला बांधावं. आई अन्न पुरवत राहते, पाऊस पाणी घालतो. ऑक्टोबरात आईकडची बाजू तोडली की नवा वेल मोकळा. शेजारी कुंपणापलीकडे वेल हवा असेल तर काडी कुंपणाखालूनच पलीकडे न्यावी.

९. खुंटाचं कलम कुणाला लागतं?

युरोपात एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड अमेरिकेतून पोचली आणि फ्रान्सच्या बागाच्या बागा वाळल्या. उपाय अमेरिकेतल्या रानद्राक्षांच्या मुळांतच सापडला. ती मुळं खुंट म्हणून खाली ठेवायची आणि त्यावर आपल्या वेलाचं कलम करायचं. टेक्सासमधल्या टी. व्ही. मन्सन यांनी त्यासाठी खुंटाच्या काड्या पाठवायला मोठी मदत केली. त्याबद्दल फ्रान्सनं १८८८ मध्ये त्यांचा गौरव केला. टेक्सासच्याच मातीतला डॉगरिज हा खुंट आज महाराष्ट्रभर आहे, पण आपल्याकडे तो आला दुष्काळ आणि खाऱ्या पाण्यापायी. त्याची मुळं खोल जातात आणि क्षार सोसतात.

नळाचं किंवा विहिरीचं गोडं पाणी असेल तर घरच्या एका वेलाला स्वतःची मुळं पुरतात. बोअरचं पाणी इतकं जड असेल की भांड्यांवर पांढरा थर बसतो, तर मात्र डॉगरिज लावून त्यावर कलम करावं. खुंट फेब्रुवारीत लावावा आणि ऑगस्टच्या अखेरीस ते सप्टेंबरात, हवा दमट असताना, पाचर कलम करावं. दोन डोळ्यांची कलमकाडी दोन्ही बाजूंनी पाचरीसारखी तासायची, खुंटाच्या चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळायची. साल सालीला किमान एका बाजूनं तंतोतंत भिडली पाहिजे, सगळं यश त्यावर आहे. पुढे खुंटावर खालून फूट आली की ती दिसेल तेव्हा मोडावी, नाहीतर वर्षभरात आपण डॉगरिजच वाढवत बसतो.

१०. मातीत रेती, जागेला उंचवटा.

काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, आणि द्राक्षाच्या मुळांना तेच सोसत नाही. अडीच फुटांचा खड्डा घेऊन त्यात माती, मुरूम, रेती आणि कुजलेलं शेणखत भरावं. वर चांगला वीतभर उंच बोद करावा, वेल बोदावर लावावा. जमिनीत चुनखडी असेल तर कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ती लोहाची कमतरता असते. फेरस सल्फेट लिटरला दोन-तीन ग्रॅम घेऊन, त्यात थोडा लिंबाचा रस घालून, संध्याकाळी पानांवर फवारावं. चुलीची राख द्राक्षाला चांगली, असं सगळे सांगतात. त्यात पालाश असतं हे खरं, पण आपली माती आधीच विम्ल आहे, म्हणून राख मूठभरच. युरियाचा हात आखडता ठेवावा, त्यानं पानं माजतात आणि डोळे रिकामे राहतात.

११. केवडा पावसाळ्यात, भुरी हिवाळ्यात.

पानावर वरून तेलकट पिवळा डाग आणि खाली पांढरी लव दिसली की केवडा. राखुंडी रंगाची पूड दोन्ही बाजूंना दिसली की भुरी. पहिल्यावर बोर्डो मिश्रण, दुसऱ्यावर पाण्यात मिसळणारं गंधक. बोर्डो एक टक्क्याचं करायचं तर १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. घरी दहा लिटर करायचं असेल तर दोन्ही शंभर-शंभर ग्रॅम. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादलीत विरघळवून मग एकत्र करावेत आणि त्याच दिवशी वापरावेत. कोवळ्या पानांवर निम्म्या ताकदीचंच फवारावं. गंधक ३५ अंशांच्या वर तापमान असताना फवारलं तर पानं भाजतात, म्हणून मार्चनंतर ते नको. फळ उतरू लागल्यावर काहीच फवारू नये.

फुटणारे डोळे पोखरणारा उडद्या मात्र औषधाविना आवरता येतो. पहाटे तो सुस्त असतो. वेलाखाली जुनी चादर पसरून ओलांडा हलवावा, पडलेले भुंगेरे साबणाच्या पाण्यात टाकावेत. खोडाची सुटलेली जुनी सालही सोलून काढावी, ते तिथेच लपतात.

१२. घड कमी ठेवावेत आणि घाई करू नये.

एका घडामागे निदान पंधराएक निरोगी पानं लागतात. एका काडीवर दोन घड असतील तर एक काढावा, राहिलेल्याचा शेंडाही थोडा खुडावा. बाजारातल्या टपोऱ्या लांबट मण्यांना जिब्रेलिक ॲसिडचं डिपिंग केलेलं असतं. घरचं थॉमसन त्याविना लहान राहतं, पण गोडीला कमी नसतं. मुलांना ही द्राक्षं दाखवताना तसं सांगावं, म्हणजे ती तुलना करत नाहीत.

द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही. आंबा आढीत घालता येतो, द्राक्षाचं तसं नाही. घडाच्या खांद्यावरचे मणी आधी पिकतात, शेंडीचे शेवटी. म्हणून चव शेंडीच्या मण्याची घ्यावी. तो गोड लागला तरच घड कापावा. मण्यांत पाणी भरायला लागलं की वेलाचं पाणी हळूहळू कमी करावं. कोरडं ठेवून एकदम भरपूर पाणी दिलं तर मणी तडकतात.

१३. वानरं आणि बुलबुल.

वानरांना कोवळी पानं आणि फुटी द्राक्षांहून प्यारी असतात. फटाके आणि बुजगावणी चार दिवस चालतात. मांडवाच्या चारही बाजूंनी, वरूनही, नायलॉनची जाळी ताणून बांधणं हा एकच उपाय टिकतो, आणि ती ऑक्टोबरच्या छाटणीनंतर लगेच बांधावी. बुलबुल आणि पोपटांसाठी प्रत्येक घडाला जुन्या सुती साडीची पिशवी घालावी. तिच्यातून हवा खेळते आणि थंडीचा मारही थोडा कमी होतो.

१४. काडी मागणाऱ्याला नुसती काडी देऊ नये.

जातीचं नाव आणि छाटणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी जुडीला बांधून द्यावी. नाहीतर दोन वर्षांनी तो घरी येऊन कुठे छाटू विचारतो, आणि थॉमसन की बेंगलोर ब्लू हे दोघांनाही आठवत नाही. काड्या सगळ्या एका तोंडानं बांधाव्यात, तिरपे काप वर. रोगट वेलाची काडी कितीही आग्रह झाला तरी देऊ नये, कारण एका काडीबरोबर करप्यासारखा रोग पूर्ण गल्लीत पोचतो. यंदा कोजागिरीनंतर माझी छाटणी आहे. बेंगलोर ब्लूच्या काड्या भरपूर निघतील, शरदच्या थोड्या. पारशिवनीतल्या ज्यांना हव्या असतील त्यांनी सकाळी लवकर यावं, सोबत ओलं गोणपाट आणावं आणि घरी रेती भरलेल्या पिशव्या आदल्या दिवशीच तयार ठेवाव्यात.